पायांना आधी कळते

पहाटे सायकल घेऊन बाहेर पडले आणि वेग जरा वाढला की दोन्ही कानांत खरखर सुरू होते. कित्येक वर्षे मी तिला वाऱ्याचा आवाज म्हणत होते. प्रत्यक्षात तो आवाज माझ्याच कानांपाशी तयार होतो. कानाच्या पाळीवरून हवा घसरत जाताना तिचे लहान लहान भोवरे होतात, ते कानाच्या तोंडाशी हवेचा दाब क्षणोक्षणी कमीजास्त करतात, आणि ती सगळी धांदल आपल्याला खरखरीसारखी ऐकू येते. मान किंचित एका बाजूला वळवली की आवाज बदलतो, कधी पुष्कळच कमी होतो. मागून येणाऱ्या वाहनाची चाहूल घ्यायची असली की मुरलेले सायकलस्वार अशी मान वळवतात, पण का वळवता असे विचारले तर त्यांतल्या बहुतेकांना सांगता येत नाही. मलाही येत नव्हते. सायकलच्या बाबतीत असे वारंवार घडते. एखादी गोष्ट पायांना, पाठीला किंवा मानेला आधी कळते, आणि डोक्यापर्यंत पोहोचायला तिला कधी काही महिने तर कधी अनेक दशके लागतात.

मी शर्यतपटू नाही, हे आधीच सांगून टाकते. दोनदा शर्यतीत उतरले आहे. पहिल्या वेळी शेवटून चौथी आले, आणि दुसऱ्या वेळी आयोजकांनी अंतिम रेषेवरची कमान उतरवायला घेतली तेव्हा मी ती रेषा गाठली. त्यामुळे शर्यतीविषयी माझे जे काही म्हणणे आहे ते पाहणाऱ्याचे, आणि रोज तीसचाळीस किलोमीटर स्वतःशी बोलत सायकल चालवणाऱ्या बाईचे आहे.

टूर द फ्रान्स, म्हणजे फ्रान्समधली तीन आठवडे टप्प्याटप्प्याने चालणारी सायकल शर्यत, पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती अतिशय कंटाळवाणी वाटली होती. दीडशेहून अधिक माणसे चार-पाच तास एकमेकांना चिकटून चालली आहेत, पुढे कोणी जात नाही, मागे कोणी राहत नाही, मधूनच कोणी बाटली तोंडाला लावतो, आणि शेवटच्या काही मिनिटांत सगळे पिसाटल्यासारखे पळतात, तर मग आधीचे चार तास कशासाठी, असा माझा प्रश्न होता. त्याचे उत्तर मला पडद्यावर मिळाले नाही. एके सकाळी समोरून सडकून वारा येत असताना एक अनोळखी सायकलस्वार मला ओलांडून पुढे गेला आणि मी सहज त्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर सायकल ठेवली. एकदम पाय हलके झाले. क्षणभर वाटले, रस्ता उताराला लागला असावा. तो पुढच्या फाट्यावर वळून गेला तेव्हा भिंतीवर आदळावे तशी हवा अंगावर आली, आणि त्या अर्ध्या मिनिटात मला शर्यतीचे चार तास समजले.

हवेच्या अडथळ्याचा नियम साधा आहे, पण फार निर्दय आहे. अडथळ्याचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि त्या बलाविरुद्ध लावावी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. ताशी 30 किलोमीटरवरून 40 वर जायचे म्हणजे वेग एक तृतीयांशाने वाढवायचा, पण हवेसाठी लागणारी शक्ती जवळजवळ 2.4 पट होते. वेग दुप्पट करायचा तर आठपट. सपाट रस्त्यावर ताशी चाळीसच्या पुढे गेलेल्या माणसाच्या मेहनतीचा बहुतेक सगळा भाग हवा बाजूला सारण्यात जातो. टायरचे घर्षण आणि चेनमधली गळती उरलेल्या लहानशा हिश्श्यात बसतात. (स्वच्छ आणि तेल दिलेली चेन ही माणसाने बनवलेल्या सर्वांत कार्यक्षम यंत्रांपैकी एक आहे, पायांनी दिलेल्या शक्तीतले शेकड्याला दोन-चारच भाग ती खाते. माझी चेन इतकी स्वच्छ क्वचितच असते.)

आता त्या घोळक्याकडे पाहा, ज्याला फ्रेंचांपासून सगळे पेलोटॉन म्हणतात. आइंडहोवनच्या तंत्रविद्यापीठात 2018 साली 121 सायकलस्वारांच्या पेलोटॉनचा संगणकावर आणि वाऱ्याच्या बोगद्यात अभ्यास झाला. घोळक्याच्या मधल्या-मागच्या भागात असलेल्या स्वाराला हवेचा अडथळा, एकट्याने जाताना जेवढा झाला असता त्याच्या केवळ 5 ते 10 टक्के होतो, असे त्यात आढळले. म्हणजे घोळका ताशी 54 किलोमीटरने धावत असताना आतल्या माणसाला हवेपुरते ताशी 12 ते 15 ने रमतगमत चालल्यासारखे वाटते. शर्यतपटूंना हे अचूक आकड्यांत ठाऊक नव्हते, पण कुठे लपायचे हे त्यांना शंभर वर्षांपासून ठाऊक होते. आणखी एक गंमत अशी, की मागे कोणीतरी असल्याचा थोडासा फायदा पुढच्यालाही होतो, कारण धावणाऱ्या सायकलस्वाराच्या पाठीमागे जो कमी दाबाचा खळगा त्याला मागे ओढत असतो तो मागच्या माणसामुळे थोडा भरून येतो. त्या सकाळी त्या अनोळखी माणसावर मी फुकटचा भार टाकला अशी माझी बोच होती. ती हे वाचल्यावर बरीच कमी झाली.

शर्यतीतले सगळे राजकारण या एका गोष्टीतून निघते. चार-पाच जण सुरुवातीला सुटून पुढे जातात, त्याला ब्रेकअवे म्हणतात. ते आळीपाळीने पुढे येऊन हवा फोडतात, कारण एकट्याने ते कोणालाच झेपणार नाही. पण त्यांच्यातला प्रत्येक जण मनात हिशेब करत असतो, की शेवटच्या किलोमीटरसाठी माझ्या पायांत इतरांपेक्षा चार घोट जास्त उरले पाहिजेत. म्हणजे सहकार्य केले नाही तर सगळे पकडले जाणार, आणि फार मनापासून केले तर दुसरा जिंकणार. मागचा पेलोटॉन मात्र निवांत असतो. रोबेर शापात या फ्रेंच माजी सायकलपटूने, जो पुढे समालोचक झाला, एक ठोकताळा सांगून ठेवला होता: जोर लावलेला पेलोटॉन दर 10 किलोमीटरला ब्रेकअवेची एक मिनिटाची आघाडी खातो. तो अजूनही बराचसा लागू पडतो. अंतिम रेषेच्या दोनशे मीटर अलीकडे, दिवसभर एकत्र राबलेले ते चार जण घोळक्याच्या पोटात नाहीसे होताना पाहिले की मला दर वेळी वाईट वाटते, आणि दर वेळी मी पुन्हा त्यांच्याच बाजूने असते.

वारा आडवा असला तर देखावा आणखी बदलतो. रांग सरळ राहत नाही, ती रस्त्यावर तिरपी पसरते, कारण आडोसा आता बरोबर मागे मिळत नाही, तिरका मागे मिळतो. रस्त्याची रुंदी संपली की त्या तिरप्या रांगेतली जागाही संपते, आणि जे बाहेर राहिले ते कडेच्या मातीला लागून, आडोशाविना, एकामागे एक लटकत राहतात. मोठमोठ्या नावांचे स्वार डोंगरातच नव्हे, तर अशा सपाट, वाऱ्याच्या दुपारीही हरले आहेत. आडव्या वाऱ्याबद्दल मी स्वतः फार काळ एका गैरसमजात होते. वारा बरोबर बाजूने आहे, म्हणजे तो ना मदत करतो ना अडवतो, असे मला वाटत असे. पाय मात्र तक्रार करत. गणित पायांच्या बाजूचे निघाले. ताशी 30 ने जाताना बाजूने ताशी 30 चा वारा आला तर अंगावर येणारी एकूण हवा ताशी सुमारे 42 ची होते, आणि अडथळा तिच्या वर्गाने वाढत असल्यामुळे समोरच्या दिशेतला त्याचा वाटासुद्धा ढोबळमानाने 1.4 पट होतो. वारा अंमळ पाठीकडून असला तरी हा तोटा पुरता भरून निघत नाही. जाताना समोरून आणि येताना पाठीवरून असा वारा मिळाला तरी हिशेब शून्यावर येत नाही, कारण त्रास जास्त वेळ सोसावा लागतो आणि सुख लवकर संपते.

चढउताराचेही तसेच. दहा किलोमीटरचा घाट ताशी 10 ने चढला, आणि आता उतरताना जोरात जाऊन एकूण सरासरी 20 वर आणू असे ठरवले, तर उतरायला किती वेग हवा? मी हा प्रश्न घाटमाथ्यावर धापा टाकत असताना सोडवायला घेतला आणि उत्तर ऐकून हँडलवर डोके टेकवले. वीस किलोमीटर ताशी 20 ने म्हणजे एक तास, आणि तो तास चढण्यातच खर्च झाला आहे. उतरायला वेळच उरलेला नाही.

हवेच्या बाबतीत शरीर सहसा बरोबर असते, पण सगळीकडे त्याच्यावर विसंबून चालत नाही, हे शर्यतीच्या जगाने टायरवरून शिकून घेतले. पुष्कळ वर्षे शर्यतपटू 23 मिलिमीटर रुंदीचे, दगडासारखे टणक फुगवलेले टायर वापरत, कारण त्यांवर बसले की हातापायांना एक बारीक कंप जाणवतो आणि तो कंप वेगासारखा वाटतो. मोजमापे घेतली तेव्हा कळले, की खऱ्याखुऱ्या, बारीक खडबडीच्या रस्त्यावर टणक टायर प्रत्येक खड्याबरोबर सायकल आणि स्वार यांना उचलतो, आणि ती उचल शरीराच्या थरथरण्यात वाया जाते. थोडा रुंद, थोडा मऊ टायर तोच खडा गिळून पुढे जातो. आज मोठ्या शर्यतींत 28 आणि 30 मिलिमीटरचे टायर सर्रास दिसतात. मी ते बसवले तेव्हा सायकल मंदावली अशी माझी खात्री झाली होती. घड्याळाने मात्र तसे काही दाखवले नाही.

दमट हवेविषयीही शरीर असेच फसवते. पावसाळी दिवसांत आपण म्हणतो, हवा जड झाली आहे, पाय ओढत नाहीत. प्रत्यक्षात दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, कारण पाण्याचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजन या दोन्हींच्या रेणूंपेक्षा हलका आहे आणि तो त्यांची जागा घेतो. मग पाय का ओढत नाहीत? कारण सायकलस्वार हा मुळात एक शेगडी आहे. स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेतला जेमतेम चौथा हिस्सा पॅडलपर्यंत जातो आणि बाकीची उष्णता होते. माझ्यासारखी बाई तासभर 150 वॅटने पॅडल मारत असेल तर तिच्या अंगातून त्याच वेळी सुमारे 450 वॅट उष्णता निघत असते, आणि ती घामावाटे बाहेर टाकायची तर तासाला अर्ध्या लिटरहून जास्त घाम वाळून जावा लागतो. नुसता गळून उपयोग नाही, वाळला पाहिजे. दमट हवेत तो वाळत नाही. सायकल चालत असताना घाम आलेलाच कळत नाही आणि सिग्नलला थांबताक्षणी अंगावर धारा लागतात, त्याचेही कारण हेच: घाम आधीही तितकाच येत होता, फक्त वारा तो उचलून नेत होता. घरात स्थिर सायकल चालवणाऱ्यांना पंखा का लागतो, हे त्यांना वेगळे सांगायला नको. याच चौथ्या हिश्श्यामुळे एक सोयीचा योगायोगही जुळून येतो. एक किलोकॅलरी म्हणजे सुमारे 4.2 किलोज्यूल, त्यामुळे शक्तिमापकावर जितके किलोज्यूल काम दिसते, साधारण तितक्याच किलोकॅलरी शरीराने जाळलेल्या असतात. एका बाजूचा भागाकार दुसऱ्या बाजूच्या गुणाकाराने खोडला जातो.

हवेची घनता महत्त्वाची आहे हे मात्र खरे. एका तासात ट्रॅकवर जास्तीत जास्त अंतर कापण्याचा जो विक्रम असतो, त्यासाठी बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्स 1972 साली मेक्सिको सिटीला गेला, कारण ते शहर समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच आहे आणि तिथली हवा विरळ आहे. त्याने 49.431 किलोमीटर अंतर कापले. विरळ हवा पुढे जाऊ देते, पण फुप्फुसांना ऑक्सिजनही कमी देते, म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेण्यासारखे. इटलीच्या फिलिप्पो गान्नाने 2022 साली स्वित्झर्लंडमधल्या ग्रेंखेनला 56.792 किलोमीटर केले. मधल्या पन्नास वर्षांत माणसाचे पाय सात किलोमीटरने बलवान झाले असे मला वाटत नाही. हवेसमोर कसे वाकायचे, काय घालायचे आणि हात कुठे ठेवायचे, हे आपण शिकलो.

हात कुठे ठेवायचे यावरून आठवणारच ती 1989 ची टूर. शेवटच्या दिवशी व्हर्सायहून पॅरिसला 24.5 किलोमीटरची टाइम ट्रायल होती, म्हणजे प्रत्येकाने एकट्याने, कोणाच्याही आडोशाविना जायचे. सगळ्या टप्प्यांच्या एकूण वेळेत फ्रान्सचा लोराँ फिन्याँ 50 सेकंदांनी पुढे होता. दुसऱ्या क्रमांकावरच्या अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने हँडलवर पुढे निघालेल्या दांड्या बसवल्या होत्या, ज्यांवर कोपर टेकून हात छातीसमोर जवळ आणता येत, आणि डोक्यावर मागे निमुळते होत गेलेले हेल्मेट होते. फिन्याँ उघड्या डोक्याने, केसांची शेपटी वाऱ्यावर सोडून निघाला. लेमाँडने ताशी 54 किलोमीटरहून जास्त सरासरीने तो टप्पा फिन्याँपेक्षा 58 सेकंद कमी वेळात जिंकला आणि तीन हजारांहून अधिक किलोमीटरची शर्यत 8 सेकंदांनी. केस बांधले असते तर, असे लोक अजून म्हणतात. फिन्याँला त्या दिवसांत सीटवर बसणेही कठीण करणारी जखम झाली होती, हे तेवढ्याच वेळा सांगितले जात नाही, म्हणून मी सांगते.

शर्यतपटूंचे जग नव्या वस्तूकडे नेहमीच कपाळाला आठ्या घालून पाहत आले आहे. टूर 1903 साली सुरू झाली, पण चालत्या सायकलवर चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर टाकणाऱ्या गिअरला तिथे 1937 पर्यंत परवानगी नव्हती. संस्थापक ऑन्री देग्राँजला ते पौरुषाला न शोभणारे वाटे. तोवर डोंगर आला की स्वार खाली उतरत, मागचे चाक काढून उलटे बसवत, कारण त्याच्या दुसऱ्या बाजूला वेगळ्या दात्यांचे चक्र असे, आणि मग चढू लागत. मला गिअर बदलताना अजूनही थोडे अपराधी वाटते, ते बहुधा देग्राँजमुळेच.

या सगळ्यापेक्षा अधिक विस्मयाची गोष्ट म्हणजे सायकल वळते कशी. कोणालाही विचारा, तो सांगेल की उजवीकडे जायचे तर हँडल उजवीकडे वळवायचे. तसे खरोखर केले तर माणूस डावीकडे पडेल. उजवीकडे वळायचे असेल तर हँडल आधी किंचित डावीकडे जाते, चाके शरीराच्या खालून डावीकडे सरकतात, त्यामुळे शरीर उजवीकडे झुकते, आणि मग ते झुकलेपण सावरण्यासाठी हँडल उजवीकडे येते. विमानाच्या आधी सायकली बनवणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बरने कित्येक स्वारांना हा प्रश्न विचारला होता, आणि आपण आधी उलट वळवतो हे बहुतेकांच्या गावीही नव्हते. मला हे कळले त्या दिवशी मी रिकाम्या मैदानात जाऊन उजव्या हाताच्या तळव्याने हँडलची उजवी बाजू हलकेच पुढे ढकलून पाहिली. सायकल उजवीकडे गेली. लहानपणापासून मी हे रोज करत होते आणि रोज त्याच्या उलट सांगत होते.

झुकायचे किती, हेही ठरलेले आहे. ताशी 36 ने जाताना 20 मीटर त्रिज्येचे वळण घ्यायचे असेल तर सुमारे 27 अंश, आणि त्यात वजनाचा संबंध नाही. लहान मूल असो की धिप्पाड माणूस, कोन तोच. उतारावरच्या वळणात स्वारांची रांग एका ओळीत वाकते तेव्हा शिकवून ठेवल्यासारखी दिसते. मात्र स्वार नसतानाही ढकललेली सायकल काही काळ स्वतःहून सरळ का धावते, याचे एका वाक्यात उत्तर नाही. फिरत्या चाकाचा भोवऱ्यासारखा परिणाम, असे पाठ्यपुस्तके सांगत. डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनतज्ज्ञाने पुढच्या चाकाशेजारी उलट फिरणारे दुसरे चाक लावून तो परिणाम खोडून टाकला, तरी ती सायकल त्याला चालवता आली. त्याचा लेख 1970 चा. पुढे 2011 साली डेल्फ्ट आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी असे दुचाकी वाहन बनवून दाखवले, की ज्यात तो भोवऱ्याचा परिणामही नाही आणि पुढचे चाक सुकाणूच्या अक्षामागे घसटत येण्याचा परिणामही नाही, तरी ते स्वतःला सावरते. अनेक कारणे मिळून हे घडते, आणि त्यांतले कोणतेही एक अटळ नाही.

शर्यतीत शेवटी सगळे इंचांवर येते. अंतिम रेषा ओलांडणारी पहिली गोष्ट म्हणजे पुढच्या टायरची कड, आणि म्हणून स्वार शेवटच्या क्षणी हात सरळ करून सायकल पुढे फेकतात. यात जादू नाही. स्वार आणि सायकल यांचा मिळून गुरुत्वमध्य त्याच वेगाने चाललेला असतो; पण स्वार सत्तर किलोचा आणि सायकल सातेक किलोची (6.8 किलोहून हलकी सायकल शर्यतीत चालत नाही), त्यामुळे दोघांनी एकमेकांना ढकलले की माणूस थोडासाच मागे जातो आणि सायकल बरीच पुढे. 2017 च्या टूरमध्ये एका टप्प्यावर मार्सेल किट्टेलने एड्वाल्ड बोआसन हागेनला 6 मिलिमीटरने हरवले. चारपाच तासांच्या आडोशाचे, हिशेबाचे, घामाचे मोल करंगळीच्या रुंदीहून कमी निघाले.

एक सकाळ मला आठवते. वारा पाठीवर होता, रस्ता लांब आणि सरळ होता, आणि मी नेहमीपेक्षा जोरात जात होते याचा मला थोडा अभिमानही वाटत होता. एका क्षणी काहीतरी बंद पडल्यासारखे वाटले. आधी वाटले, चेन तुटली. मग लक्षात आले, की कानांतली खरखर थांबली आहे. माझा वेग आणि वाऱ्याचा वेग एक झाला होता. टायर रस्त्यावर सरसरत होते, चेन दात्यांवरून चढताना बारीक टिकटिकत होती, आणि दूर शेतात कोणी कोणाला हाक मारत होते तीही स्पष्ट ऐकू आली. पदराचा सुटलेला दोरा हलत नव्हता म्हणावे तर पदर नव्हता. पण गळ्याशी सैल झालेली हेल्मेटची पट्टी सरळ खाली लोंबत होती, ताशी तीस किलोमीटरने जाताना. पाच-सहा मिनिटे मी तशीच गेले, ना जोर वाढवला ना कमी केला. मग घड्याळ पाहिले, ठरलेले अंतर झाले होते, आणि तितकेच परत जायचे होते. मी हँडल आधी किंचित उलट दिशेला ढकलले, आणि सायकल वळली.